विसार आधी की तपासणी? किनाऱ्यावरचं घर घेताना

चिरेबंद: रत्नागिरी-मालवण पट्ट्यात समुद्राजवळचं स्लॅबचं घर घेताय? मग स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय विसार देऊ नका. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवा. जुन्या स्लॅबला १५-२० मिमीवर भागवलेलं असतं. नवा रंग दिसला तर जास्तच सावध राहा. छज्जा आणि संडासाच्या स्लॅबखाली हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज आला की आत पोपडा सुटलाय.

पाखाडी: स्लॅबपुरतं मान्य. पण कौलारू चिरेबंदी घरात इंजिनिअरपेक्षा गावचा सुतार आणि गवंडी बरा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं, आढं, चौकटींची बुडं, इथे स्क्रूड्रायव्हर टोचायचा. सहज आत गेला तर वाळवीने नाहीतर कुजीने लाकूड खाल्लंय. ओळंबा लावला की भिंतीने पोट काढलंय का ते कळतं. आणि मातीत बांधलेल्या चिऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते, खालच्या थरातल्या चिऱ्याचा भुगा हाताला लागतो. हे यंत्र सांगत नाही.

चिरेबंद: बरोबर, पण अशा घरावर मागाहून स्लॅबची खोली चढवलेली असते, वर पाण्याची टाकी. तो भार मातीच्या सांध्यांना पेलतो का, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

खाडीकर: तुम्ही चाचण्या करत बसा, तोवर दुसरं गिऱ्हाईक घर नेईल. शिवाय सोसायटीच्या फ्लॅटला वेगळा खर्च कशाला? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तोच रिपोर्ट मागा. नवं असेल तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याचं कलम १४(३) आहे, ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा.

चिरेबंद: रिपोर्ट जरूर मागा, पण कोणत्या चाचण्या केल्या ते वाचा. नुसता रिबाउंड हॅमर (आपटून काँक्रीटचा कडकपणा मोजणारं यंत्र) असेल तर पुरेसं नाही, कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली गेलेला, पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा फसवा चढतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन (अल्कली असेल तर गुलाबी होणारं रसायन) मारलं आणि गुलाबी झालं, तरी किनाऱ्यावर निश्चिंत होऊ नका. गुलाबी म्हणजे सळईला गंजापासून जपणारी अल्कली शाबूत, क्लोराइड नाही असा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी भोक पाडून काढलेली पूड लॅबला द्यावी लागते. जोडीला हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर.

पाखाडी: आणि गंजलेली सळई झाकून नुसता पॅच मारला असेल तर पॅचच्या कडेला नवा गंज धरतो. तो पट्टा जरूर ठोकून बघा.

खाडीकर: एवढं असेल तर मधला मार्ग. विसार अगदी थोडा द्यायचा आणि विसारपावतीत लिहून घ्यायचं: २१ दिवसांत तपासणी, सळई गंजलेली निघाली तर पूर्ण रक्कम परत. मालक यावर सही करायला तयार नसेल तर?

चिरेबंद: तर ते घर सोडा. सही झाली तर शक्यतो पावसाळ्यात किंवा लगेच नंतर बघा, मे महिन्यात भिंत कोरडी दिसते आणि गळतीचे डाग चुन्याखाली गेलेले असतात.