प्रत्येक मतदारसंघात पाचच व्हीव्हीपॅट का?

अन्वय (मूळ मांडणी)

मतदान यंत्रांत फेरफार झाले आहेत असा माझा दावा नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याविना असा आरोप करणे मला गैर वाटते. माझा आक्षेप पडताळणीच्या पद्धतीवर आहे. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील एकाऐवजी पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्रातून निघणाऱ्या, मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या कागदी चिठ्ठ्या) मोजून यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहण्याचा आदेश दिला आणि तेव्हापासून तोच आकडा कायम आहे. निकाल पन्नास हजारांच्या फरकाने लागो वा पन्नास मतांच्या, केंद्रे पाचच.

तीनशे केंद्रांचे एक विधानसभा क्षेत्र घेऊन हिशेब करून पाहा. त्यांतील तीस यंत्रे सदोष असतील, तर सोडत काढून निवडलेल्या पाचांत त्यांपैकी एक तरी हाती लागण्याची शक्यता शेकडा ४१ च्या आसपास येते; सदोष यंत्रे तीनच असतील, तर ती शेकडा ५ वर उतरते. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. इतक्या चुरशीच्या लढतीत एकाच केंद्रातील चूकही निकाल फिरवू शकते. म्हणून मोजायच्या केंद्रांची संख्या मताधिक्यावरून ठरावी, मताधिक्य जितके कमी तितका नमुना मोठा असावा, असे मला वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून याच तत्त्वावर राज्यभर पडताळणी होते.

माजी केंद्राध्यक्ष

मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, त्यामुळे ‘सदोष यंत्रे’ हे गृहीतकच मला आधी तपासावेसे वाटते. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे दोन वेळा होणाऱ्या संगणकीय सरमिसळीनंतर ठरते. मतदानाच्या दिवशी पहाटे मतदान प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप (चाचणीपुरते) मतदान घेतले जाते, त्यातील चिठ्ठ्या मोजून दाखवल्या जातात, मगच यंत्र रिकामे करून मोहोरबंद होते. मतदान संपल्यावर एकूण मतांचा आकडा नमुना १७-सी मध्ये नोंदवून त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती दिली जाते. प्रतिनिधी पहाटे आलेच नाहीत, असेही मी पाहिले आहे, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. पण तो दोष यंत्राचा नव्हे.

आता आपल्याच गणिताकडे येतो. राज्याचा कौल बदलायचा तर एक मतदारसंघ पुरत नाही. तीस मतदारसंघांत प्रत्येकी दहा टक्के यंत्रे बिघडवली, तर पाच-पाच केंद्रांच्या तपासणीतून त्यांतले एकही न सापडण्याची शक्यता कोटीत एक-दोन इतकीच उरते. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ मतदारसंघांतील १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. व्यापक कटाच्या आरोपाला हे पुरेसे उत्तर आहे.

मुक्ता

पुरेसे कोणाला? ज्याला शक्यतेचे गणित येते त्याला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी २००५ च्या निवडणुकीतील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला तो याच मुद्द्यावर: निवडणुकीतील महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन आकडे ताडून पाहायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली. त्या मतदानाला कायदेशीर मूल्य नव्हते हे मान्य; तरीही आपले मत कुठे गेले, हे समजून घेण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी होता का? मतदाराला चिठ्ठी सात सेकंद दिसते. चुकीचे चिन्ह दिसल्याची तक्रार केली आणि चाचणी मतात ती खरी ठरली नाही, तर शिक्षेची तरतूद त्याच्यावरच उलटते. शिवाय कोणते बटण कोणत्या उमेदवाराचे हे यंत्राला माहीतच नसते, म्हणून त्यात फेरफार करता येत नाही, हा नेहमीचा युक्तिवादही व्हीव्हीपॅट आल्यानंतर अपुरा ठरतो, कारण उमेदवारांची यादी निश्चित झाल्यावर चिन्हे त्यात बाहेरूनच भरली जातात. मला मतपत्रिकाच हवी.

माजी केंद्राध्यक्ष

जर्मनीतील त्या यंत्रांना कागदी चिठ्ठीच नव्हती, हा फरक लहान नाही. चिन्हे भरणारी युनिटे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दिला आहे. त्याच निकालात मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली गेली. केंद्रे ताब्यात घेऊन तासाभरात शेकडो शिक्के मारण्याचे प्रकार मतपत्रिकेच्याच काळात होत असत. तक्रारदारावर उलटणाऱ्या शिक्षेबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. त्या भीतीने खरा तक्रारदारही गप्प बसू शकतो.

अन्वय

राज्यभराचा कट अशक्यप्राय आहे, हे मी मान्य करतो. मात्र निवडणूक याचिका एका मतदारसंघाचीच असते आणि ४८ मतांनी हरलेल्या उमेदवाराला राज्याची सरासरी दाखवून समाधान देता येत नाही. मुक्ताताई, आपल्याला हवा असलेला कागद आजही आहे आणि कायद्याने तोच श्रेष्ठ आहे: निवडणूक संचालन नियमांतील ५६-डी नुसार चिठ्ठ्या मोजल्यावर आकड्यांत फरक निघाला, तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. अडचण अशी की, ती मोजणी मंजूर करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी मताधिक्य असेल तर उमेदवाराच्या अर्जावरून ती आपोआप व्हावी, एवढीच दुरुस्ती मी मागतो आहे.

माजी केंद्राध्यक्ष

या दुरुस्तीला माझा विरोध नाही. मात्र चिठ्ठ्या लहान आणि गुळगुळीत असतात, रात्री उशिरा थकलेल्या हातांनी त्या मोजताना चुका होतात, आणि अशी प्रत्येक चूक दुसऱ्या दिवशी ‘यंत्रातील तफावत’ म्हणून फिरते. चिठ्ठीवर पक्षागणिक बारकोड छापून ती यंत्राने मोजता येईल का, हे आयोगाने तपासावे, असे न्यायालयाने २०२४ मध्येच सुचवले होते. मताधिक्याची मर्यादा ठरवण्याआधी तो प्रश्न मार्गी लागला पाहिजे.

मुक्ता

यंत्राचा आकडा तपासायला पुन्हा यंत्रच आणले, तर माझा आक्षेप जिथल्या तिथेच राहतो. रात्री उशीर होत असेल, तर मोजणी दुसऱ्या दिवशी करावी. निकालाला एक दिवस जास्त लागला तरी चालेल.