दिवाळीतला पाऊस, २०१९ : क्यार वादळाच्या आठवड्यातले अनुभव

गुहागर तालुका

क्यारचं नाव आज काढलं तर निम्म्या लोकांना ते आठवत नाही. निसर्ग वादळ आठवतं, कारण ते किनाऱ्यावर आदळलं. तौक्ते आठवतं, कारण ते किनाऱ्याला घासून गेलं आणि वाटेत माड, पोफळी, पत्रे सगळं घेऊन गेलं. क्यार किनाऱ्यावर आलंच नाही. २५ ऑक्टोबर २०१९ ला त्याला नाव मिळालं तेव्हा ते रत्नागिरीपासून दोनेकशे किलोमीटरवर समुद्रात होतं. तिथून ते ओमानच्या दिशेनं वळलं आणि २७ तारखेला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतरचं पहिलंच. कोकणावरचं संकट टळलं असं तेव्हा जो तो म्हणत होता. आमच्या शेतात ते टळलं नव्हतं, आणि त्याची कुठे नीट नोंद नाही याची मला आजही टोचणी आहे. म्हणून हा धागा. त्या आठवड्यात तुम्ही किनाऱ्यावर कुठेही असाल तर लिहा. लहान गोष्ट असली तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून करतो. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. मान्सूनची परतीची वाट ९ ऑक्टोबरला सुरू झाली, इतकी उशिरा कधीच झाली नव्हती. १६ तारखेला तो देशातून गेल्याचं जाहीर झालं. २१ ला विधानसभेचं मतदान. तोवर आमचं निमगरवं, म्हणजे मध्यम मुदतीचं, भात पिकून पिवळं झालेलं, आणि गडी मिळाले म्हणून आम्ही कापणी काढली. कापलेलं भात दोन दिवस खाचरातच पसरून ठेवायचं, लोंब्या वाळल्या की भारे बांधून खळ्यात आणायचं, ही पद्धत. वडील संध्याकाळी पश्चिमेकडे बघून म्हणाले, "आज उचलून घेऊया." मी म्हटलं, अजून ओलं आहे, एक ऊन खाऊ दे.

रात्री पाऊस लागला तो उघडेचना. चार दिवसांनी खाचरात उतरलो तेव्हा घोट्याएवढं पाणी आणि त्यात आमचं भात तरंगत होतं. एक पेंढी उचलली तर अपेक्षेपेक्षा हलकी लागली. खालून बघितलं, प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब, नखाएवढा, आणि कोंब एकमेकांत गुंतून लोंबीला लोंबी शिवल्यासारखी झालेली. ओढून सोडवावं लागत होतं. वासही आंबूस. वडील बांधावर उभे होते, ते काही बोलले नाहीत. मी "एक ऊन खाऊ दे" म्हटलं होतं हे त्यांनी पुढे कधीच काढलं नाही.

देवगड

आमचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. देवगडचं बंदर तिन्ही बाजूंनी झाकलेलं, म्हणून वादळ आलं की अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नौका आत शिरतात. त्या आठवड्यात शेकडो होत्या. गुजरातच्या, कर्नाटकाच्या, केरळ-तामिळनाडूच्या. एकीला एक लावून, मधे टायर टाकून, दोरांनी आवळून बांधलेल्या. वारा वाढला की सगळ्या एकदम एका बाजूला कलायच्या आणि लाकडाचा असा आवाज यायचा की झोप लागत नसे. रात्रभर कुणी ना कुणी खलाशी टॉर्च घेऊन दोर सैल कर, ताण दे, हेच करत असायचा. भरतीला दोर सैल नाही केला तर खुंट उपटतो.

बायका, पोरं बघायला यायची तेव्हा जत्रा वाटायची. पण आतल्या माणसांची दशा वेगळी होती. आठ-दहा दिवसांचं धान्य घेऊन निघालेले लोक, बर्फ संपलेला, पकडलेली मासळी खराब व्हायच्या वाटेवर. आमच्या धक्क्यावर एका तमिळ नौकेवरच्या पोराला ताप होता. भाषा कळेना. माझ्या सासूनं पेज नेऊन दिली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा. त्यानं दोन्ही हातांनी वाटी धरली ती सोडलीच नाही, रिकामी झाली तरी. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच नौकेवरच्या लोकांनी आमच्या अंगणात येऊन पणत्या लावायला मदत केली. वाऱ्यानं एकही राहिली नाही, पण ते लावत राहिले.

आमची स्वतःची नौका बारा दिवस बाहेर पडली नाही. १ ऑगस्टला बंदी उठून हंगाम सुरू झाल्यापासून तशीही वादळी हवाच होती. बंदरावर ३ नंबरचा धोक्याचा बावटा लागला की खलाशांचा पगार थांबत नाही, डिझेलची उधारी थांबत नाही, बँकेचा हप्ता तर नाहीच नाही. क्यार लांब गेलं म्हणेपर्यंत लक्षद्वीपकडे ‘महा’ नावाचं दुसरं वादळ उठलं. एकाच वेळी अरबी समुद्रात दोन वादळं, असं आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मुंबई, मूळ गाव लांजा

धनत्रयोदशीच्या रात्री गाडीनं निघालो, पहाटे उतरलो ते थेट धो धो पावसात. पोरांना गावची दिवाळी दाखवायची होती. पहिल्या अंघोळीला दारात तुळशीपाशी कारीट फोडताना माझ्या डोक्यावर छत्री धरायला भाऊ उभा होता. आकाशकंदील कागदाचा होता, तो रात्रीतच गळून गेला, नुसत्या काड्या लोंबत होत्या. पोरांना गंमत वाटली. आई मात्र फराळ करताना गप्प होती. आमच्याकडे दिवाळीचे पोहे नव्या भाताचे असतात. त्या वर्षी तिनं दुकानातून आणले होते आणि ते मला कळू नये म्हणून पिशवी लपवली होती. हे मला वरच्या गुहागरच्या अनुभवानंतर आज पहिल्यांदा नीट उमगतंय.

देवबाग, मालवण

आमची जागा म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती, त्यावर वादळाच्या लाटा. आमच्याकडे वारा फार नव्हता, ते लक्षात घ्या. ऊनही मधेच पडत होतं. पण लाट यायची ती लांबून, संथ, फुगलेली, आणि बंधाऱ्यावरून सरळ आत. म्हातारे आजोबा घरातून ओरडत होते, "दर्यो खवळलो हा, खाली जाव नको." माडाच्या मुळाखालची वाळू नेली की माड लगेच पडत नाही. आधी मुळं उघडी पडतात, केसांसारखी लोंबतात, मग एक-दोन महिन्यांनी तो हळूच आडवा होतो. आमचे तीन माड डिसेंबरात गेले. तेव्हा कुणी वादळाचं नाव काढलं नाही, पंचनामा तर कशाचा करणार.

पर्यटकांचं बुकिंग सगळं रद्द झालं. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, बाकीचे पाण्यातले खेळही बंद. दिवाळीच्या सुट्टीवर आमचा वर्षाचा हिशेब बसतो. पैसे परत केले. त्यातल्या पुण्याच्या एका कुटुंबानं घेतले नाहीत, पुढल्या वर्षी येऊ म्हणाले. पुढल्या वर्षी करोना.

पणजी

गोव्यात नरकासुराच्या रात्रीची तयारी महिनाभर चालते. आमच्या वाड्यावरच्या पोरांनी केलेला नरकासुराचा पुतळा प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवला होता, तरी कागदाचा लगदा सुटून त्याचा चेहरा एका बाजूनं उतरला. पोरं रडकुंडीला आली होती. त्याच दिवसांत नाफ्ता भरलेलं एक जहाज वाहत येऊन दोनापावलाला राजभवनाच्या पायथ्याशी खडकावर रुतलं होतं. त्यामुळे आमच्या घरात पावसापेक्षा त्याचीच भीती जास्त होती.

दाभोळ

मी सुकी मासळी विकते. जवळा, बोंबील, मांदेली. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे आमचा पगार. जवळा वाळवायला एक कडक दिवस पुरतो, पण तो दिवस पुरता मिळाला पाहिजे. अर्धा वाळला आणि भिजला तर लाल होतो, मग त्याला किडे. त्या आठवड्यात मी सातदा माल पसरला आणि सातदा गोळा केला. शेवटी घरात, चुलीच्या वर, दोरीवर, जिथे जागा तिथे. घरभर वास, नात खोकत होती. दोन टोपल्या खाडीत टाकल्या. टाकताना हाताला अजून मीठ लागत होतं. ते मीठसुद्धा विकतचंच.

सावंतवाडी तालुका

मी तेव्हा पंचनाम्याच्या कामावर होतो. पद सांगत नाही. लोकांचा राग आमच्यावर निघाला, तो रास्त होता, पण कामाची अडचणही कुणीतरी लिहायला हवी.

कोकणातलं शेत म्हणजे कुणगे. दोन गुंठे इथे, पाच गुंठे ओहोळापलीकडे. सातबारा काढला की एका तुकड्यावर चौदा-पंधरा नावं. त्यातले सहा मुंबईत, दोन वारलेले, एकाचा पत्ताच नाही. कसणारी बाई एक, आणि तिचं नाव सातबाऱ्यावर नाही. नुकसान तिच्या डोळ्यांसमोर कुजतंय आणि मी तिच्याकडे इतरांची संमतिपत्रं मागतोय. एका मावशींनी मला शेतात नेलं. भात उभं होतं पण पार झोपलेलं, चिखलात. त्यांनी मूठभर उपटून माझ्या कागदांवर ठेवलं. म्हणाल्या, "ह्येच्यार सही घे." तो चिखलाचा डाग असलेला कागद मी बदलला नाही, तसाच पुढे पाठवला.

नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवटीत मदत जाहीर झाली, खरीप पिकांना हेक्टरी ८ हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सोयाबीनच्या मुलखात त्या आकड्याला काही अर्थ असेल. आमच्याकडे गुंठ्याला साधारण ८० रुपये. ज्यांचं आठ गुंठे गेलं त्यांना ६४० रुपये, आणि त्यासाठी मुंबईहून संमती आणायची. कित्येकांनी अर्जच केला नाही. मग कागदावर त्यांचं नुकसान झालंच नाही.

आणखी एक. भाताचा भाव धरला जातो, पेंढ्याचा नाही. काळा पडलेल्या पेंढ्याला गुरं तोंड लावेनात. त्या उन्हाळ्यात माझ्या हद्दीतल्या तीन घरांनी गुरं विकली.

रत्नागिरी, आंबा बागायतदार

हापूसला ऑक्टोबरचा ताण लागतो. जमीन तडकली पाहिजे, मग थंडी पडली की मोहोर. त्या वर्षी जमीन नोव्हेंबरातही ओलीच, झाडांनी मोहोराऐवजी पालवी काढली. लालसर, कोवळी, दिसायला सुंदर. शहरातले पाहुणे फोटो काढत होते आणि मला पोटात गोळा येत होता. पालवीवर तुडतुडा आला, फवारण्या वाढल्या. फळ उशिरा आलं ते ऐन लॉकडाऊनमध्ये. क्यार किनाऱ्यावर आलं नाही हे खरं, पण आमच्या बागेत ते पुढच्या मे महिन्यापर्यंत मुक्कामाला होतं.

फुजैरा (संयुक्त अरब अमिराती), मूळचा अलिबागचा

इथे ऑक्टोबरअखेर आभाळ निरभ्र होतं आणि समुद्राचं पाणी रस्त्यावर. कल्बाकडच्या वस्तीत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पावसाचा थेंब नाही. घरी फोन केला तर बायको म्हणाली, इथे चार दिवस कपडे वाळत नाहीत. तेच वादळ. नकाशावर ते आम्हा दोघांच्या मधे होतं.

राजापूर

भाऊ नाखवा आहे. २५ ला त्याची नौका बाहेर होती आणि वायरलेसवर उत्तर येत नव्हतं. एवढंच लिहिते की तो जयगडला पोचला होता आणि आम्हाला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मधल्या वेळाबद्दल मला लिहिता येत नाही. त्याच दिवसांत नौदलाच्या आयएनएस तेगनं मुंबईपासून लांब बुडणाऱ्या नौकेवरचे १७ जण वाचवल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरी सगळे रडले. ओळखीचं त्यात कुणी नव्हतं.

गुहागर तालुका

सगळ्यांचं वाचलं. देवबागचे माड आणि दाभोळचा जवळा यांचा हिशेब कुठल्याच यादीत नाही, म्हणून ते इथे लिहिलंत याचं मोल आहे.

सावंतवाडीच्या दादांनी विचारलं नाही तरी सांगतो, आम्ही अर्ज केला नव्हता. सातबाऱ्यावर अकरा नावं.

मघाशी एक सांगायचं राहिलं. पाण्यातलं भात आम्ही उचलून आणलं, ओटीवर पसरलं, खाली निखारे ठेवून वाळवायचा प्रयत्न केला. मळणी केली तर तांदूळ पिवळा, भरड, शिजवला की गोळा. कोंबड्यांना घातला. पुढल्या वर्षीचं बियाणं त्यातून धरणं शक्यच नव्हतं, आणि ते बी आजीच्या वेळेपासून घरातलं. विकत मिळत नाही.

दसऱ्याला आम्ही नवं बांधतो. उभ्या पिकातल्या लोंब्या तोडून आंब्याच्या पानांबरोबर दारावर. त्या वर्षी दसरा ८ ऑक्टोबरला होता. पाडव्याच्या सकाळी आई स्टुलावर चढून ते नवं खाली काढत होती. दारावरच्या तेवढ्याच लोंब्या कोरड्या राहिल्या होत्या. घरात आणखी चार ठिकाणी बांधलं होतं, देवघरात, कोठीला, गोठ्यात, मुसळाला. सगळं उतरवून तिनं परातीत चोळलं. दोन ओंजळी निघाले. २०२० च्या जूनमध्ये ते एका कोपऱ्यात पेरलं. त्यातून मिळालेलं सगळं बियाण्यालाच ठेवलं, २०२१ लाही तसंच. खाण्यापुरतं झालं ते २०२२ ला, आणि त्या दिवाळीला पोहे घरचे होते.