नवा बेल्ट टाकला तरी पहाटे ‘चीं-चीं’ थांबत नाही (डिझेल पिकअप, बेळगाव–चोर्ला–गोवा)

कडोलीचा पिकअपवाला

नमस्कार मंडळी. भाजीची डिझेल पिकअप आहे. रात्री बेळगावात माल भरायचा, पहाटे जांबोटी-चोर्लामार्गे म्हापसा नाहीतर पणजी गाठायची, येताना बहुतेक रिकामी. पावसाळ्यापासून पहाटे चावी मारली की बोनेटमधून ‘चीं-चीं-चीं’ असा बारीक आवाज येऊलालाय. इंजिन तापलं की कमी होतो, कणकुंबीला धुकं लागलं की परत चालू.

एका गॅरेजमध्ये म्हणाले, इंजिनवरचा बेल्ट कडक झालाय. बदलला. थोडे दिवस शांत, मग परत तेच. दुसरीकडे बेल्ट ताणून दिला, तर आवाज कमी व्हायचा सोडून वाढला. आता तिसरे म्हणतात बेल्ट डुप्लिकेट आहे, ओरिजिनल टाका. दरवेळी खिशातले पैसे जातात आणि आवाज आहे तिथंच. गाडी गॅरेजला ठेवून देणं परवडत नाही, कोथिंबीर-मेथी कुणासाठी थांबत नाही. खरंच परत बेल्ट बदलू का?

एक राहिलं. पावसाळ्यात चार्जिंग होत नव्हतं म्हणून त्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उतरवून दुरुस्त करून घेतला होता. बॅटरी आता चांगली आहे, त्यामुळे त्याचा यात संबंध नसावा.

निपाणी हायवे

बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो दुकानात, तो मारा. मी तवंदी घाट रोज चढतो, स्प्रे मारला की आठवडाभर बघायला नको. स्प्रे नसेल तर चालू गाडीत साबणाची वडी जरा टेकवायची, लगेच गप्प होतो.

मेस्त्री, उद्यमबाग

निपाणीवाले दादा, राग मानू नका, पण चालू इंजिनच्या बेल्टजवळ वडी घेऊन हात न्यायला कुणालाही सांगू नका. बोटं पुलीत ओढली जायला क्षण लागत नाही. आणि साबण असो की स्प्रे, त्यावर जांबोटीकडची लाल धूळ चिकटते आणि तीच पुढं बेल्ट खात बसते. आवाज दाबला जातो, दोष तिथंच राहतो.

कडोलीवाले, बेल्ट लगेच घेऊ नका. शेवटची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझा पहिला संशय तिथंच आहे. आधी आवाज ओळखा. बेल्ट ढिला असून घसरत असला तर आवाज लांब, सलग येतो, किंचाळल्यासारखा, आणि हेडलाइट, ब्लोअर लावून अल्टरनेटरवर लोड दिला की वाढतो. तुमचा तुटक आहे, ‘चीं-चीं-चीं’, बेल्टच्या फेऱ्याबरोबर ठेका धरणारा. असा आवाज बहुतेक वेळा पुली एका रेषेत नसल्याचा असतो. ताणल्यावर तो वाढला हेही त्याच बाजूला बोट दाखवतं. वाकडा चालणारा बेल्ट जितका ताणाल तितका पुलीच्या खाचेच्या भिंतीला जोरात घासणार.

खात्रीला पैसे लागत नाहीत. पहाटे इंजिन थंड असताना, आवाज चालू असताना, स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी बेल्टच्या खाचांच्या बाजूला मारायचं. लांब उभं राहून, बाह्या वर करून, गळ्यात टॉवेल नको. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट ढिला, घसरतोय. पाणी पडताच गप्प झाला आणि थोड्याच वेळात परत आला तर रेषा चुकलीय. काहीच फरक पडला नाही तर बेरिंगकडे वळायचं. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून बेल्ट उतरवा आणि अल्टरनेटर, वॉटर पंप, आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली) एकेक हातानं फिरवा. खरखर लागली किंवा पुली मागंपुढं हलली तर चोर सापडला. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट झिरपल्याचा डाग आहे का तेही बघा.

रेषा बघायला गवंड्याची लाइनदोरी चालते. क्रँकच्या, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनच्या मुख्य पुलीच्या तोंडाला दोरी टेकवून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत ताणून धरा. खाचांच्या बेल्टला फूटभर अंतरात दीड मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही. दोन्ही पुलींच्या कडेची जाडी वेगळी असेल तर दोरीवरून फसायला होतं, म्हणून पहिली खाच पहिल्या खाचेसमोर येते का तेही डोळ्यानं बघा. बेल्टची एकच कड झिजून तिचे दोरे सुटले असतील, नाहीतर ब्रॅकेटच्या एकाच बाजूला काळी रबराची पूड साठली असेल, तर दोरी लावायच्या आधीच उत्तर मिळालं समजा.

एवढं लिहायचं कारण चोर्ला घाट आहे. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो. तुमच्या गाडीत तसा असेल आणि उतारावर बेल्ट तुटला, तर चार्जिंग जातंच, शिवाय त्या पंपावर चालणारा, पेडल हलकं करणारा ब्रेकचा बूस्टरही जातो. पहिल्या एकदोन दाबांना पेडल नेहमीसारखं लागेल, मग दगडासारखं होईल. भरलेली गाडी, पुढं वळण. त्यामुळं हा आवाज लांबणीवर टाकू नका.

खानापूर रोड

मेस्त्री, मधेच विचारतो. माझ्या जुन्या जीपला एकच जाड व्ही बेल्ट आहे. हेडलाइट लावले की लांब किंचाळी येते. माझंपण रेषेचंच काय?

मेस्त्री, उद्यमबाग

लाइट लावल्यावर सलग येते म्हणजे आधी ताण बघा. इंजिन बंद करून दोन पुलींमधल्या लांब भागावर अंगठ्यानं चांगलं दाबा. साधारण 10 मिलिमीटर खाली गेला तर ठीक, त्याहून जास्त गेला तर ताणा. फार ताणू नका, अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेरिंग जातं. बेल्टच्या तिरक्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर ताणून उपयोग नाही, बदलाच. नवा व्ही बेल्ट सुरुवातीला ढिला होतोच, थोडी गाडी पळवून परत एकदा ताण बघावा लागतो.

कडोलीचा पिकअपवाला

मेस्त्री, बघितलं. पाणी मारल्याबरोबर एकदम गप्प, आणि वाळायला लागला तसा परत चालू! बेल्टच्या रेडिएटरकडच्या कडेचे दोरे सुटलेत. दोरी लावली तर अल्टरनेटरची पुली पुढं आलेली, नुसत्या डोळ्यालाही दिसते. व्हॅक्युम पंप पाठीवरच आहे, आणि त्याच्या ऑइलच्या पाइपापाशी ओल आहे. अल्टरनेटर बसवताना असं झालं असेल का? ते गॅरेजवाले म्हणतात, आम्ही होतं तसंच बसवलं.

मेस्त्री, उद्यमबाग

त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका. मधला लांब बोल्ट काढून अल्टरनेटरचा कान (ज्यातून तो बोल्ट जातो) आणि इंजिनवरचा ब्रॅकेट यांच्यामध्ये काय आहे ते बघा. कान सैल बसला की तो भरायला कुणीतरी वॉशर घालतं, आणि तो चुकीच्या बाजूला गेला की अख्खा अल्टरनेटर सरकतो. मागचा बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची नळी, झिजलाय का तेही बघा.

ऑइलची ओल आधी बंद करा. जॉइंटचे तांब्याचे वॉशर परत वापरलेले असतील तर नवे घाला. ऑइल लागलं की बेल्टचं रबर फुगतं. मग तो पेट्रोलनं धुऊन वापरायचा नाही, बदलायचा. सगळ्या पुलींच्या खाचा ब्रशनं घासून कोरड्या करा, तळाशी गंज किंवा रबर चिकटलेलं ठेवू नका. तुमच्या बेल्टचे दोरे सुटलेत म्हणजे आता नवा लागणारच, पण रेषा सरळ केल्यावर. आधी टाकलात तर त्याचीही कड जाईल.

कडोलीचा पिकअपवाला

कानाच्या मागं वॉशर निघाला! तो काढला, झिजलेला बुश उद्यमबागेत लेथवर नवा करून घेतला, ऑइल पाइपाचे वॉशर बदलले, खाचा घासल्या, मग नवा बेल्ट. दोरी आता दोन्ही पुलींना सरळ टेकते. भरलेली गाडी घेऊन धुक्यातून घाट उतरून आलो, एकदाही आवाज नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला, 14.1 व्होल्ट दाखवतोय. बरोबर आहे की? आणि काढलेला बेल्ट अडीअडचणीला सीटखाली ठेवू का?

मेस्त्री, उद्यमबाग

14.1 उत्तम. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये असलं की चार्जिंगची काळजी नको. काढलेला बेल्ट ठेवू नका, दोरे सुटलेला बेल्ट घाटातच दगा देणार. त्याच नंबरचा नवा घ्या, त्याच्याबरोबर अल्टरनेटरच्या बोल्टांचे पाने आणि एक टॉर्च ठेवा. आणि कधी चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दिवा विझतोय का बघत बसू नका. खालचा गियर टाकून वेग उतरवा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप करू नका, आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या.