कॉन्टेसा 'शोरूम कंडिशन', साडेसहा लाख, आणि आमचा फ्रिजवरचा मॅग्नेट

पत्रा_पारखी:
परवा इथे एकाने हिंदुस्तान मोटर्सची 1994 ची काळी कॉन्टेसा क्लासिक विकायला टाकलीय. 'इंडियन मसल कार, शोरूम कंडिशन, साडेसहा लाख, टाइमपासवाल्यांनी फोन करू नये.' मी टाइमपासवाला नाही, म्हणून फोन केला आणि रविवारी कोल्हापूरहून साताऱ्याला जाऊन बघूनही आलो. आता राहवत नाही म्हणून लिहितो.

पोचलो तर बॉनेट गरम. मालक म्हणाले आत्ताच देवळात जाऊन आलो. अहो जा की देवळात, पण माणूस गाडी बघायला येतोय तर इंजिन थंड ठेवा, पहिल्या सेल्फला कसं उठतं, मागून निळा धूर सोडतं का, हेच तर बघायचं असतं. मग फ्रिजवरचा महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला मॅग्नेट खिशात घेऊन गेलो होतो तो रुमालात गुंडाळून फिरवला. टप, दारं, चिकटला. मागच्या चाकांच्या वरची कमान आणि दाराखालचा पट्टा, स्ट्रॉबेरी टपकन खाली, दोन्ही बाजूंना! म्हणजे आत पुट्टीच पुट्टी. डिकीतला गालिचा उचलला तर खाली ताजा काळा डांबरासारखा लेप, वास अजून येत होता. स्टेपनीच्या खड्ड्यात स्क्रू ड्रायव्हर टेकवतो म्हटलं तर मालक म्हणतात 'दाबू नका, रंग जाईल'. रंग जाईल का स्क्रू ड्रायव्हर आरपार जाईल?

या गाडीला खाली वेगळी चासी नाही, पत्रा हीच चासी. तो सडला की वरून कितीही पॉलिश मारा. इंजिनाचं काय, हिच्यातलं जपानी इसुझूचं तेच 1.8 लिटरचं पुढे ॲम्बेसेडर 1800 आयएसझेडलाही होतं, शोधलं की सापडतं. कॉन्टेसाची मागची लाइट नाहीतर पुढची काच आणून दाखवा बरं. माझ्या हिशेबाने अडीच, फार तर तीन.

सातारी_भाचा:
गाडी माझ्या मामांची आहे. मामींच्या हातचा चहा दोनदा घेतलात ते लिहायचं राहिलं वाटतं. तीस वर्षांची गाडी आहे साहेब, थोडी पुट्टी असणारच, माणसाला नाही का चांदी भरलेले दात असतात? एकच मालक, 2024 ला पासिंग झालंय म्हणजे 2029 पर्यंत बघायला नको, पर्यावरण कर भरलेला. 2002 ला उत्पादन बंद झालं, उत्तरपाड्याच्या कारखान्यातून आता नवीन येणार नाहीये. अडीचमध्ये जुनी व्हॅन घ्या.

ऐंशी_एचपी:
मला पत्र्यापेक्षा 'मसल कार', म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, या शब्दाचा राग आहे. सुरुवातीच्या कॉन्टेसाला ॲम्बेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं, चढ आला की गाडीच्या आधी ड्रायव्हर दमायचा. इसुझू आल्यावर 88 एचपी आणि पाचवा गिअर मिळाला, बास. मूळची तर ती ब्रिटिश व्हॉक्सहॉल. दारावर लंगोट वाळत घातला म्हणून कुणी पैलवान होत नाही.

मिशिगनकर:
मसल कार इथे येऊन बघा. 1970 ची शेव्हरोलेची शेव्हेल एसएस, 454 घन इंचांचं एलएस6 इंजिन, 450 हॉर्सपॉवर! पण गंमत अशी की त्या वर्षी एसएस हे नुसतं वरून पैसे देऊन घ्यायचं ऑप्शन पॅकेज होतं, व्हीआयएन नंबरावरून, म्हणजे आपल्या चासी नंबरावरून, कळतच नाही खरी कुठली आणि साध्या शेव्हेल मालिबूला बिल्ले चिकटवलेली कुठली. म्हणून कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद, मागतात, इंजिन ब्लॉकवर ठोकलेला नंबर गाडीशी जुळवतात. रंग शेवटी बघतात. तुम्ही इंजिन नंबर बघितला का?

ऐंशी_एचपी:
ते 450 ग्रॉस आहेत काका, नुसतं उघडं इंजिन मोजून. 1972 पासून अमेरिकेत नेट, म्हणजे सायलेन्सर-बियलेन्सर लावून मोजलेले आकडे द्यायला लागले आणि सगळ्यांचे पैलवान एका रात्रीत वाळले.

मिशिगनकर:
नेट धरलं तरी तुमच्या तीन कॉन्टेसा ओढेल.

पत्रा_पारखी:
आले मिशिगन. पण प्रश्न बरोबर आहे, नंबर बघायचा माझा राहिला, चुकलंच. भाचेसाहेब, आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर एकच आहे ना?

सातारी_भाचा:
इंजिन 2011 ला बदललंय. ॲम्बेसेडरचं आहे, तुम्हीच म्हणालात ना तेच इंजिन असतं. आरसीवर चढवायचं राहिलं.

पत्रा_पारखी:
वा! आणि 2024 ला पासिंग झालं??

सातारी_भाचा:
एजंट होता.

डिझेल_दादा:
त्यात काय एवढं, आमच्या बाबांच्या कॉन्टेसात आम्ही टोयोटाचं डिझेल बसवलेलं, नऊ वर्षं चालवली, कोकणात गणपतीला पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन आंबा घाट चढायची, कधी दमली नाही. ओरिजिनल ओरिजिनल करणारे लोक गाडी चालवत नाहीत, पुसतात.

कलम_52:
नऊ वर्षांत अपघात झाला नाही म्हणून बोलताय. झाला असता तर इन्शुरन्सवाल्याने पहिला इंजिन नंबर बघितला असता आणि हात वर केले असते. सुप्रीम कोर्टाने 2019 ला स्पष्ट सांगितलंय, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. तशाच प्रकारचं इंजिन बदलायला आरटीओत सोय आहे, बिल लावा, नोंद करा. ती केली नाही म्हणजे पुढच्या मालकाच्या गळ्यात घंटा.

डिझेल_दादा:
तुम्ही आरटीओत आहात का?

कलम_52:
नाही. दिल्लीची 'स्वस्त' गाडी एनओसीवर (तिथल्या आरटीओच्या ना हरकत दाखल्यावर) आणून इथला टॅक्स परत भरणारा गाढव आहे. सात महिने हेलपाटे मारलेत, कलमं तिथेच पाठ झाली.

डिझेल_दादा:
मग राग दिल्लीवर काढा ना, आमच्यावर कशाला.

ऐंशी_एचपी:
टॅक्सचं सोडा, जुन्या कारच्या फेरनोंदणीची फी 2022 ला 600 ची 5000 केली, वर ती नवी नंबरप्लेट. आणि व्हिंटेजची 'व्हीए' मालिका हवी तर गाडी पन्नास वर्षांची पाहिजे! म्हणजे ही कॉन्टेसा 2044 ला पात्र. तोवर दाराखालचा पट्टा उरतोय का बघा.

सातारी_भाचा:
हसा. मामा आज पाच म्हणाले.

पत्रा_पारखी:
पासिंगचं कौतुक तरी आता करू नका. बाकी सीट आणि डॅशबोर्ड खरंच मूळचे आहेत, एक तडा नाही, हे मी आधी लिहायला हवं होतं, मान्य. चहाही चांगला होता. साडेतीन देतो, पण इंजिन आधी आरसीवर चढवा आणि गाडी थंड असताना बघू द्या, सकाळी सातला येईन, त्या दिवशी देऊळ नको.

सातारी_भाचा:
चार.

पत्रा_पारखी:
बघू. आणि माझा मॅग्नेट तुमच्या डिकीत पडलाय, बायको दोन दिवस विचारतेय, तो तेवढा काढून ठेवा.