एका बाजूला झुकलेलं गळ्यातलं गळ्यात फिरतं: पॉलिमर क्लेचे मणी आणि तार

अबोली_कळवा

नमस्कार. पॉलिमर क्लेचे (ओव्हनमध्ये भाजून पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे) मणी आणि तांब्याची तार वापरून गळ्यातलं आणि कानातल्यांचा सेट करते आहे. दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. डाव्या बाजूला पाच मण्यांचा घोस (२० मिमीचा एक, १६ चे दोन, १२ चे दोन), उजवीकडे नुसती साखळी आणि तिच्यात ६ मिमीचे तीन मणी. एकूण लांबी ४५ सेमी. कानातल्यांतही एका बाजूला लांब लोंबतं आणि दुसऱ्या बाजूला एकच मोठा मणी.

घातल्यावर पाच मिनिटांत घोस सरकत मधोमध येतो आणि मागचा हुक मानेच्या डाव्या कडेला येऊन बसतो. २० मिमीच्या मण्याला बेक केल्यावर भोकापासून बारीक तडा जातो, लहान मण्यांना जात नाही. तिसरी अडचण तारेची. दोन दुकानांतून २० गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) म्हणूनच आणली, पण एक तार मण्यातून सहज जाते आणि दुसरी जातच नाही. बेलापूरच्या अर्बन हाटमधल्या प्रदर्शनासाठी असे १२ सेट करायचे आहेत, म्हणून आधी एक तरी नीट जमायला हवा. क्ले प्रीमो या ब्रँडची आहे, ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १९ लिटरचा.

मणेरी

फिरण्याचं कारण सरळ आहे. गळ्यातलं मानेवर अशा ठिकाणी येऊन थांबतं जिथे त्याचं सगळं वजन मिळून छातीच्या मधल्या रेषेवर येतं. मण्याचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं, आणि ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही. तुमचा हिशेब करून पाहिला: पाच मण्यांच्या घोसात जेवढी क्ले आहे ती उजवीकडच्या तीन मण्यांच्या साधारण तीसपट भरते. नजरेला पाचाला तीन दिसतात, मानेला तिसाला एक लागतात. घोस मधोमध येणारच.

तोल असा काढा. प्रत्येक बाजूचं वजन गुणिले मधल्या रेषेपासूनचं आडवं अंतर, हे दोन्हीकडे सारखं हवं. अंतर साखळीवरून मोजायचं नाही. गळ्यातलं घातल्यावर छातीच्या मध्यापासून आडवी पट्टी धरून मोजायचं. घोस १० ग्रॅमचा आणि ४ सेमीवर असेल तर गुणाकार ४०. उजवीकडे ५ सेमीवर ८ ग्रॅम ठेवले तरी ४०. म्हणजे दुसऱ्या बाजूचं वजन जितकं मध्यापासून लांब, तितकं कमी पुरतं. ते मानेच्या कडेकडे, जमेल तितकं बाहेर ठेवा.

ते वजन क्लेचंच असायला हवं असं नाही, नसलेलंच बरं. भरीव पितळी मणी आकाराने लहान आणि वजनाने जड असतो. ८ मिमीचा साधारण दोन ग्रॅम भरतो, असे चार ओळीने ओवले की झालं. बघणाऱ्याला डावीकडे मोठा रंगीत घोस आणि उजवीकडे पिवळ्या धातूची छोटी रांग दिसते. वेगळेपण राहतं, तोलही राहतो. घेताना मणी तळहातावर घेऊन बघा, कारण तसेच दिसणारे पोकळ मणीही मिळतात आणि त्यांचा इथे काही उपयोग नाही. मुंबईत भुलेश्वरला दोन्ही मिळतात. ठाण्याची स्लो आणि वाशीची हार्बर लोकल, दोन्ही मशीद स्टेशनला थांबतात, तिथून चालत जाता येतं.

बेक करायच्या आधीच तपासणी करा. कच्च्या आणि भाजलेल्या मण्याच्या वजनात फरक जवळपास नसतो, त्यामुळे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर कच्चेच मणी तोलून आकार ठरवता येतात. जोडणी झाल्यावर १२ सेमी व्यासाचा स्टीलचा डबा टेबलाच्या कडेबाहेर आडवा धरा आणि गळ्यातलं त्यावरून लोंबतं सोडा. गुळगुळीत स्टीलवर ते मानेपेक्षा लवकर सरकतं, म्हणून डब्यावर टिकलं तर गळ्यातही टिकतं.

आणखी एक. मागची १५ सेमी साखळी काढून तिथे मेणदोरा घाला. साखळी कातडीवरून घसरते, दोरा धरून राहतो. तुशीला मागे रेशमी गोंडा असतो तसाच लावला तर लांबीही कमीजास्त करता येते, प्रदर्शनात हे कामाला येतं. मात्र नुसत्या दोऱ्यावर विसंबू नका. तीस आणि एकचा फरक दोरा धरू शकत नाही.

चाफा_घोडबंदर

मण्यांबद्दल लिहिते. २० मिमीच्या मण्याला तडा जातो कारण तो आतपर्यंत क्लेच आहे. बाहेरचा थर आधी तापतो, आतला उशिरा, आणि आत हवा अडकली असेल तर ती फुगून सगळ्यात कमजोर जागा शोधते. ती जागा म्हणजे भोकाची कड. प्रीमोच्या पाकिटावर दर ६ मिमी जाडीला १३० अंशांवर ३० मिनिटं अशी वेळ असते. लहान मण्यांसाठी लावलेली ३० मिनिटं २० मिमीच्या मण्याला अजिबात पुरत नाहीत.

आत फॉइलचा गाभा घाला. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, टेबलावर वाटीच्या बुडाने दाबत फिरवून १४ मिमीचा घट्ट गोळा करा. नखाने दाबला तर खड्डा पडता कामा नये. मग त्यावर ३ मिमीचा क्लेचा थर. गाभ्याने एक तृतीयांश जागा व्यापली, तेवढी क्ले वाचली, मणी हलका झाला आणि मणेरींचा गुणाकारही खाली आला. गोळा सैल राहिला तर त्यातली हवाच तडा पाडते, म्हणून इथे घाई नको. फॉइलला भोक क्ले चढवायच्या आधी दाभणाने पाडा आणि त्याच रेषेत पुन्हा पाडता यावं म्हणून दोन्ही टोकांना टाचण्या खोचून ठेवा.

१२ सेट करायचे असतील तर मणी अंदाजाने वळू नका. क्ले ६ मिमी जाड लाटा (लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की जाडी आपोआप सारखी येते) आणि १५ मिमीच्या गोल कटरने चकत्या पाडा. एका चकतीचा मणी साडेबारा मिमीचा होतो, अर्ध्या चकतीचा १० चा, दोन चकत्यांचा १६ चा. एकाच कटरमध्ये तीन मापं मिळतात आणि बाराही सेटचं वजन सारखं येतं.

भोक पाडताना वळलेले मणी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर ते सुईखाली चेपतात. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर घाम आलेला दिसला तर तो सुकू द्या, कारण क्लेत गेलेला ओलावा बेक होताना पृष्ठभागाखाली पांढरट चंद्रकोरीसारखे डाग उठवतो. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीज टाळून मणी पंख्याखाली तासभर ठेवलेले बरे. सुई दाबायची नाही, बोटांत फिरवत फिरवत आत न्यायची. पलीकडे टोक दिसलं की बाहेर काढून उलट बाजूने तेच भोक पूर्ण करायचं, म्हणजे बाहेरच्या कडेला क्लेची मिशी राहत नाही.

बेक करताना मणी बांबूच्या सळईवर ओवा, सळईची टोकं ट्रेच्या दोन्ही काठांवर टेकवा आणि वरून फॉइलचं सैल झाकण घाला. टाइलवर ठेवले तर टेकलेली जागा चकचकीत सपाट होते. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा नको, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. छोट्या ओटीजीत पंधरा-वीस अंश इकडेतिकडे होतात. फक्त खालचा रॉड चालू, जाड टाइल आत ठेवून पंधरा मिनिटं आधी तापवलेला ओव्हन, मग मणी. गाभा असलेल्यांना ४५ मिनिटं द्या. मध्येच वीज गेली तरी मणी वाया जात नाहीत, पॉलिमर क्ले पुन्हा बेक करता येते. जळू मात्र देऊ नका. ही पीव्हीसीची क्ले आहे, करपली की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर येतो. खिडकी उघडी ठेवा आणि क्लेची भांडी खाण्याला वापरू नका.

झालं की नाही हे बघायला प्रत्येक घाण्यात २ मिमी जाडीची एक पट्टी सोबत टाका. थंड झाल्यावर वाकवा. वाकली तर मणी पक्के झाले, कडकन मोडली तर उष्णता कमी पडली. बेक झाल्यावर ओव्हन बंद करून दार उघडू नका, आतच थंड होऊ द्या.

चमक हवी असेल तर ४००, ६००, १०००, २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून क्रमाने घासा आणि शेवटी जीन्सच्या तुकड्यावर रगडा. नेलपॉलिश लावू नका. आठवड्याभरात ते क्लेशी मिळून चिकट होतं आणि मग पुसूनही जात नाही.

तारकाम_नेरूळ

तारेच्या गोंधळाचं कारण दुकानदार नाही, गेजच दोन आहेत. मोटर वाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळणारी तांब्याची तार ब्रिटिश गेजने, म्हणजे एसडब्ल्यूजीने मोजतात. क्राफ्टच्या दुकानातली पाकिटं बहुतेक अमेरिकन गेजची, एडब्ल्यूजीची असतात. एसडब्ल्यूजी २० म्हणजे ०.९१ मिमी आणि एडब्ल्यूजी २० म्हणजे ०.८१ मिमी. २२ ला ०.७१ आणि ०.६४, २४ ला ०.५६ आणि ०.५१. एक दशांश मिमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ०.९ च्या भोकात तो पुरेपूर अडतो. तार मागताना गेज नको, मिमी सांगा. भोक तारेपेक्षा दीड पट ठेवा: ०.८ च्या तारेला १.२ मिमी. बेक झालेलं अरुंद भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने, १.२ च्या पात्याने मोठं होतं. त्यासाठी मणी मोडायची गरज नाही.

वाइंडिंगची तार स्वस्त असते, पण तिच्यावर इनॅमल (वार्निशसारखा पातळ थर) असतं. ती फक्त सरावाला घ्या. पक्कडीने आणि हातोडीने इनॅमलचे टवके निघतात आणि तिथून तार काळी पडते.

घोसातल्या मण्यांना साधी कडी करू नका, तारेची गुंडाळी घाला, कारण मोठ्या मण्याच्या वजनाने साधी कडी उघडते. १६ मिमीच्या मण्याला दोन्ही बाजूंना गुंडाळी हवी असेल तर ०.६४ मिमीची १० सेमी तार कापा. मण्याच्या वर २ मिमी सोडून काटकोनात वाकवा. तीन वेढ्यांना एवढीच जागा लागते. गोल तोंडाच्या पक्कडीवर कडी वळवा, साखळी अडकवायची असेल तर आत्ताच अडकवा, मग तीन वेढे. शेवटचा वेढा मण्यावर आवळू नका. कागदाची एक घडी जाईल इतकी फट हवी, नाहीतर थोड्याच दिवसांत भोकापाशी नवा तडा येतो आणि दोष बेकिंगला दिला जातो. तारेचं टोक सपाट तोंडाच्या पक्कडीने आत दाबा आणि वरून जॉर्जेटची ओढणी फिरवा. धागा कुठेही अडकला तर अजून दाबायचं आहे. लोकलच्या गर्दीत हेच टोक शेजारणीच्या केसात जातं.

जोडकड्या उघडताना दोन टोकं बाजूला ताणू नका, एक पुढे आणि एक मागे अशी पिळा. ताणलेली कडी पुन्हा कधीच गोल बसत नाही.

मणेरींच्या तोलाच्या हिशेबाबद्दल एक वेगळं मत आहे. घोस खरोखर मोठा असेल तर पितळ वाढवत नेण्यापेक्षा साखळी सोडून द्या. ३ मिमीच्या ॲल्युमिनियम तारेची सरीसारखी ताठ कडी करा, पूर्ण गोल नाही, किंचित लंबगोल आणि पुढून उघडी. लंबगोल कडी खांद्यांच्या उतारावर बसते आणि फिरत नाही. एका टोकाला घोस, दुसऱ्या टोकाला एकच लहान मणी. नथीतही मणी असेच एका बाजूला दाटतात आणि ताठ तारच तो आकार धरून ठेवते.

मणेरी

मान्य. पण सरीला गळ्याचं माप लागतं, बारा सेट तयार करून विकायला ठेवायचे असतील तर साखळीच सोयीची. मागणी नोंदवून करायचं असेल तर तुमची पद्धत चांगली.

अबोली_कळवा

खूप आभार, तिघांचेही. फॉइलचा गाभा आणि उजवीकडे पितळ असं करून बघते. कानातल्यांचं राहिलं. लांब लोंबतं ९ ग्रॅमचं झालंय आणि एक मणीवालं ४ चं. दिसायला छान वाटतं, पण एक कान ओढला जातो.

तारकाम_नेरूळ

दिसणं वेगळं ठेवा, वजन सारखं. लांबीने वजन वाढू न देता लांब करायचं असेल तर मण्यांऐवजी मधे तारेची काडी घाला: ०.८ मिमीची ४ सेमी सरळ तार, टोकाला १० चा एक मणी. दुसऱ्या कानातल्या मोठ्या मण्यात गाभा न घालता तो भरीवच ठेवा, म्हणजे दोन्हींचं वजन जवळ आणता येईल. फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत आणा. आणि दोन्हीत एक गोष्ट समान असू द्या, एकच रंग किंवा एकच प्रकारची कडी, नाहीतर एक हरवलं म्हणून दुसरं घातलं असं वाटतं.

कानात जाणारा हुक तांब्याचा करू नका. घामाने हिरवा पडतो, भोकाला त्रास होतो. ०.८ मिमीची ३१६एल स्टीलची किंवा ९२५ चांदीची तार घ्या. वळवून झाल्यावर नायलॉनच्या हातोडीने सपाट लोखंडावर चार-पाच हलके ठोके द्या. तार ताठ होते आणि हुक उघडत नाही. टोक कानसने गोल करा.

चाफा_घोडबंदर

लांबवालं कानातलं जडच ठेवायचं असेल तर त्याला एका कानापुरता वेल लावा. ०.५ मिमीच्या तारेच्या बारीक कड्यांची साधारण १० सेमी साखळी, वरच्या टोकाला केसात खोचायला आकडा. वजन केस उचलतात, आणि वेल एकाच कानाला असल्याने दोन कान आपोआप वेगळे दिसतात. साखळी कापण्याआधी कानातलं घालून मान दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ताण आला तर एक सेमी वाढवा.