मदत हवी आहे: रात्री अप्रूव्हल द्यायला कुणीच नसेल तर मर्ज कसं करायचं?

रातपाळी
शनिवारी पहाटे दोनला पेमेंट बंद पडलं. फिक्स एका ओळीचा, पण मर्जला, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायला, दोन अप्रूव्हल लागतात. पाच जणांना फोन लावले, एकानेही उचलला नाही. पन्नास मिनिटं ते करडं मर्ज बटण बघत बसलो. सोमवारी साहेबांना इमर्जन्सी ओव्हरराइडचं डिझाइन दाखवायचंय. कसं बसवू? लवकर सांगा.

टर्मिनलवाली
कोड कुठे ठेवता, गिटहब की गिटलॅब? ऑडिट असतं का?

सातारकर_डेव्ह
ऑनकॉलवाल्याला (रात्री ज्याची ड्यूटी त्याला) अ‍ॅडमिन करून टाका. आम्ही तेच केलंय, तीन वर्षांत काही बिघडलं नाही.

टर्मिनलवाली
अ‍ॅडमिन नियमच काढून, मर्ज करून, परत लावू शकतो. ऑडिटला काय सांगणार?

सातारकर_डेव्ह
माणसावर भरवसा नसेल तर त्याला ऑनकॉलवर ठेवताच कशाला?

टर्मिनलवाली
भरवसा आहे हो. पण पहाटे दोनला कुणाचाही हात चुकतो. मी स्वतः चुकीच्या ब्रँचवर मर्ज केलंय.

जुना_हात
फिक्स हवाच कशाला? मागचा बिल्ड परत चढवायचा, त्याला मर्ज लागत नाही.

रातपाळी
डेटाबेसची रचना बदलणारं मायग्रेशन होऊन गेलं होतं, जुना कोड चाललाच नसता. रिव्हर्ट केलं तरी पीआरच (पुल रिक्वेस्ट, बदल मर्ज करायची विनंती) उघडतो, त्यालाही दोन अप्रूव्हल! आणि हो, गिटहब एंटरप्राइझ. ऑडिट दरवर्षी.

जुना_हात
मायग्रेशनचं आधी सांगायचं ना!

टर्मिनलवाली
रोलबॅकनेही घात होतो. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीचा नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर गेला होता. गोंधळात त्यांनी त्या सातांवरूनही तो काढला आणि आठव्यावरचं जुनं दुखणं सगळीकडे पसरलं. ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरच्या वर बुडाले.

नाशिक_बॅकएंड
ऑनकॉलचा भत्ता मिळतो का तुम्हाला? आमच्याकडे बंद केला.

रातपाळी
भत्त्याचा वेगळा धागा काढा, प्लीज. सोमवार उद्यावर आलाय.

टर्मिनलवाली
ऐक. रूलसेट (गिटहबमधला ब्रँचच्या नियमांचा संच) वापर, पण दोन वेगळे कर. एकात फक्त रिव्ह्यूची अट, दुसऱ्यात टेस्टची. बायपास लिस्ट, म्हणजे नियम कुणाला टाळता येतील ती यादी, प्रत्येक रूलसेटची स्वतंत्र असते. सगळ्या अटी एकातच ठेवल्यास तर रिव्ह्यूबरोबर टेस्टही सुटतील. पहिल्याच्या लिस्टमध्ये एक टीम टाक, एरवी रिकामी. बायपास फक्त पीआरपुरता दे, म्हणजे थेट पुश होणार नाही आणि माग राहील. ब्रँच प्रोटेक्शनचे जुन्या पद्धतीचे नियम आठवणीने काढ, नाहीतर तेही लागू राहतात. दुसऱ्या दिवशी राहिलेला रिव्ह्यू झालाच पाहिजे, तिकिटासकट.

सातारकर_डेव्ह
रिकाम्या टीममध्ये पहाटे नाव कोण घालणार? परत अ‍ॅडमिनच ना?

टर्मिनलवाली
बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम. इन्सिडंट नंबर दिला की तासाभरासाठी घालेल आणि चॅनेलवर सगळ्यांना कळवेल.

रातपाळी
हे जमेल. तासाने नाव काढायला गिटहब अ‍ॅक्शन्सचं शेड्यूल (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावू का?

टर्मिनलवाली
नको, ते कधीकधी उशिरा चालतं. बॉटमध्येच टायमर ठेव. आणि बॉटचं टोकन (त्याची लॉगिनची किल्ली) ऑनकॉलवाल्यांच्या हाती लागू देऊ नकोस.