गरम झाली की गाडी बंद पडते : इंजेक्टर बदलावेत की ईसीएम? (नागपूर) तातडीने सल्ला हवा

मानेवाडाकर :
नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांपासून माझी गाडी चालता चालता अचानक बंद पडते आहे आणि आता माझा धीर सुटत चालला आहे. सकाळी मानेवाड्याहून बुटीबोरीला जाताना काहीही होत नाही. दुपारी साडेतीन-चारला परत निघालो की जामठ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, एकही झटका न देता, फुंकर मारून दिवा मालवावा तसे इंजिन शांत होते. त्यानंतर सेल्फ कितीही मारला तरी ते फिरते, पण पेट घेत नाही. बोनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे त्या उन्हात उभे राहिले की गाडी काही झालेच नाही अशा थाटात पहिल्याच सेल्फला सुरू होते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. एका गॅरेजने स्कॅनर लावून एक सेन्सर बदलला आणि साडेतीन हजार घेतले. दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. आता तेच म्हणतात की चारही इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) बदलावे लागतील, त्याला ४८,००० रुपये लागतील, आणि तेवढ्याने भागले नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलावे लागेल. मला फक्त एवढेच सांगा : आधी इंजेक्टर बदलू की थेट ईसीएम? शनिवारी त्यांना उत्तर द्यायचे आहे.

धरमपेठकर :
यात इंजेक्टरचा किंवा ईसीएमचा दोष नसून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागते. म्हणून ऑक्सिजन सेन्सरकडून मिश्रण पातळ असल्याचा निरोप येताच ईसीएम इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवू लागते. ही भरपाई मर्यादेबाहेर गेली की पी-०१७१ हा कोड नोंदला जातो. शिवाय नागपूरच्या उन्हात टाकीतल्या वाफेचा त्रास असतोच. टाकी पूर्ण रिकामी करून दुसऱ्या पंपावर भरून पाहावी.

हिंगणारोड :
मानेवाडाकर, आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आपणच पाच-सहा गोष्टी सांगायला हव्यात. गाडी पेट्रोल, डिझेल की सीएनजी? कोणत्या साली घेतलेली, किती किलोमीटर चाललेली? स्कॅनरवर नेमका कोणता कोड आला होता? कोणता सेन्सर बदलला? गाडी बंद पडल्यावर आपण सेल्फ मारता तेव्हा आरपीएमचा काटा हलतो का? आणि हा त्रास सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात गाडीचे कोणते काम झाले होते? शेवटचा प्रश्न कृपा करून वगळू नये.

मानेवाडाकर :
डिझेल आहे. इंजेक्टरचा ४८,००० खर्च सांगितला म्हटल्यावर ते उघडच आहे असे मला वाटले होते. २०१६ ची गाडी, १,१२,००० किलोमीटर. कोड त्यांनी खोडून टाकला, पण चिठ्ठीवर पी-०३४० असे लिहिलेले आहे. बदललेला सेन्सर कॅम सेन्सर होता, म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या दांड्याची जागा सांगणारा. काटा मी पाहिलेला नाही. भर उन्हात वर्धा रोडवर मागून ट्रक अंगावर येत असताना काट्याकडे कोण पाहणार? बाकी काही विशेष काम झालेले नाही, नेहमीचेच.

धरमपेठकर :
डिझेल असेल तर माझा वरचा प्रतिसाद आपल्याला लागू होत नाही, हे मान्य आहे. तरीही ज्यांची पेट्रोल गाडी आहे त्यांनी तो जरूर वाचावा.

जुनापंप :
चाळीस वर्षे डिझेल गाड्यांवर काम केलेले आहे, म्हणून सांगतो. स्कॅनरच्या नादी लागू नका. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तोच इंजेक्टर मेलेला, एवढे साधे आहे.

हिंगणारोड :
काका, आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून सांगतो की हा सल्ला या गाडीसाठी जिवावर बेतणारा आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणीही तो अमलात आणू नये. जुन्या पंपाच्या डिझेल गाड्यांमध्ये इंजेक्टर साधारण दोनशे बार दाबाच्या आसपास उघडत असे, त्यामुळे नट सैल केला की डिझेल झिरपून हात फक्त बरबटत. या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात (जिथे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल मिळते) पूर्ण भारावर हाच दाब १,६०० बारपर्यंत जातो आणि रिकामे चालतानाही तो अडीचशे ते साडेतीनशेच्या घरात असतो. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत डिझेल पसरत राहते. अशा माणसाला हात वाचवण्यासाठी ताबडतोब शस्त्रक्रियेला न्यावे लागते. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर तपासण्याची रीत वेगळी आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे जिथून उरलेले डिझेल कमी दाबाने टाकीकडे परत जाते तिथे, नळी लावून चार सारख्या बाटल्या टांगायच्या, ठरलेला वेळ इंजिन चालवायचे आणि कोणती बाटली इतरांपेक्षा भराभर भरते ते पाहायचे. आपल्या गॅरेजने ही चाचणी केली का, हे मानेवाडाकरांनी विचारावे.

जुनापंप :
माझे म्हणणे जुन्या गाड्यांबद्दल होते, हे मी लिहायला हवे होते. बाटल्यांची चाचणी मलाही ठाऊक आहे.

बेसाकर :
मला विचाराल तर सरळ ईसीएम बदला आणि मोकळे व्हा. माझ्या भावाच्या गाडीला वर्षभर असाच त्रास होता. फिल्टर बदलला, पंप उघडला, सेन्सर बदलले. शेवटी जुन्या बाजारातून ईसीएम आणून बसवले तेव्हा कुठे गाडी मार्गी लागली.

रामदासपेठी :
दुसऱ्या गाडीचे ईसीएम आणून नुसते बसवले आणि गाडी सुरू झाली, यावर माझा विश्वास बसत नाही. इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) चावीशी असलेला मेळ त्या ईसीएममध्ये नोंदलेला असतो, तो जुळवून घ्यावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला त्याचा स्वतःचा कोडही ईसीएमला सांगावा लागतो, कारण कारखान्यात मोजलेला त्या इंजेक्टरचा बारीकसा फरक त्या कोडात असतो. इंजेक्टर बदलून तो कोड न भरणारी गॅरेजेही मी पाहिली आहेत. मग गाडी खडखडते आणि दोष नव्या इंजेक्टरला लागतो. ईसीएमला दोषी ठरवण्याआधी त्याला बॅटरीचा पुरवठा नीट मिळतो का, अर्थिंगची वायर घट्ट आहे का आणि मुख्य रिले (ईसीएमला वीज जोडणारा स्विच) गरम झाल्यावर सुटतो का, हे पाहायचे असते. या तीन गोष्टी पाहायला मल्टीमीटर आणि अर्धा तास पुरतो.

बेसाकर :
चावीचे काम त्या माणसानेच करून दिले होते, तपशील मला माहीत नाहीत. पण गाडी चालली, हे खरे आहे.

हिंगणारोड :
मानेवाडाकरांनी दिलेली लक्षणे पुन्हा वाचली तर इंजेक्टरवर संशय घेण्यासारखे त्यात फारसे काही नाही. इंजेक्टर बिघडत जातो तेव्हा तो आधी सूचना देतो : सकाळी उशिरा सुरू होणे, मिसिंग (इंजिन मधेमधे अडखळणे), काळा किंवा पांढरा धूर, ॲव्हरेज घटणे. चारही इंजेक्टर एकाच क्षणी गप्प बसतात आणि वीस मिनिटांनी चारही एकदम जिवंत होतात, असे घडायचे तर त्यांना आज्ञा देणाऱ्याकडेच काहीतरी खुंटलेले असते. ईसीएम ही आज्ञा क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) कसा फिरतो ते टिपणाऱ्या सेन्सरच्या, संकेतावरून देते. पुष्कळ इंजिनांत फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बाजूला साठ दातांच्या जागा असलेले चाक असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात; ती फट समोरून गेली की ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळते. हा संकेत तुटला की त्याच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही आणि ते इंजेक्टर उघडत नाही. कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसेनासा झाला की काही गाड्यांत दोष क्रँकचा असूनही कोड कॅमचा, म्हणजे पी-०३४०, नोंदला जातो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी बंद पडली की आधी ती सुरक्षित कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि सेल्फ मारताना फक्त आरपीएमच्या काट्याकडे पाहा. इंजिन फिरत असताना काटा दोनशे-अडीचशेपर्यंत उचलला गेला तर माझा तर्क चुकीचा असू शकतो. काटा जागचा हललाच नाही तर ४८,००० रुपये खिशात ठेवा.

आणि त्रासाच्या आधी कोणते काम झाले होते, ते आपण अजूनही सांगितलेले नाही.

जामठ्याचाप्रवासी :
थोडे वेगळे विचारतो. माझ्या २०२१ च्या डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरचा दिवा वारंवार लागतो, तेही याच रस्त्यावर. त्यावर उपाय आहे का?

रामदासपेठी :
एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तो फिल्टर आलेला आहे आणि २०१६ च्या गाडीच्या या दोषाशी त्याचा संबंध नाही. आपण वेगळा धागा काढावा, तिथे सविस्तर लिहीन.

मानेवाडाकर :
आज पुन्हा बंद पडली, खापरीच्या जवळ. सांगितल्याप्रमाणे गाडी पूर्ण डावीकडे घेऊन पाहिले. सेल्फ जोरात फिरत होता आणि काटा शून्यावर चिकटवल्यासारखा होता. तीनदा पाहिले, तिन्ही वेळा तेच. वीस मिनिटांनी सेल्फ मारताच काटा आधी किंचित उचलला गेला आणि गाडी सुरू झाली.

कामाबद्दल विचारत होतात म्हणून आठवून लिहितो. त्रास सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी क्लचप्लेट बदलली होती. क्लचचा आणि सेन्सरचा काय संबंध, म्हणून लिहिले नव्हते.

जुनापंप :
संबंध आहे, बाबा! क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि क्रँक सेन्सर पुष्कळ गाड्यांत नेमका त्याच घंटेसारख्या कव्हरवर बसवलेला असतो. गिअरबॉक्स उतरवताना तो काढतात, चढवताना परत बसवतात आणि वायरची क्लिप लावायला विसरतात. वायर लोंबकळत राहते. लोंबकळलेली वायर कुठे टेकते, ते खाली वाकून बघा.

हिंगणारोड :
काकांनी नेमके बोट ठेवले. आता क्रमाने करून घ्या आणि करताना समोर उभे राहा. आधी कपलर आणि वायर पूर्ण लांबीभर डोळ्यांनी पाहायची. मग सेन्सर दोन वायरींचा की तीन वायरींचा ते पाहायचे. दोन वायरींचा असेल तर आत तारेचे वेटोळे असते. त्याचा रोध पुष्कळ गाड्यांत आठशे ते हजार ओहमच्या आसपास असतो, आणि सेन्सर काढून केस वाळवण्याच्या यंत्राने तापवल्यावर मीटर एकदम अनंतावर गेला तर वेटोळे आतून तुटलेले आहे. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल पद्धतीचा, म्हणजे चुंबकीय बदल टिपणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. त्याला ओहममध्ये मोजून काही कळत नाही, त्याचा पुरवठा, अर्थिंग आणि संकेत वेगवेगळे पाहावे लागतात. सेन्सर बदलायची वेळ आलीच, तर जुना आणि नवा शेजारी धरून लांबी जुळते का ते बघा, कारण दातांपासूनचे अंतर एखाद्या मिलिमीटरएवढेच असते.

मानेवाडाकर :
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. पहिल्या गॅरेजला शनिवारी नकार कळवला आणि गाडी दुसरीकडे नेली. रॅम्पवर चढवून मिस्त्रींनी टॉर्च धरला आणि मला हाक मारून दाखवले. क्रँक सेन्सरची वायर क्लिपमधून सुटून सायलेन्सरच्या पाइपाला टेकली होती. बोटभर लांबीचे काळे आवरण वितळून पाइपालाच चिकटलेले होते आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती. मिस्त्रींचे म्हणणे असे की पाइप तापून वायर मऊ झाली की ती तार पाइपाला टेकून संकेत अर्थिंगला जात असे आणि थंड झाल्यावर आकसून थोडी दूर सरत असे. सेन्सर दोन वायरींचा निघाला. थंड असताना ८७० ओहम, तापवल्यावर थोडा वाढला, पण तुटला नाही. त्यामुळे सेन्सर तोच ठेवला. खराब तुकडा कापून नवी तार डाग देऊन जोडली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, क्लिप जागेवर लावली. सगळे मिळून ९०० रुपये झाले. हौसेने बाटल्यांची चाचणीही करून घेतली : तिसरी बाटली इतरांपेक्षा किंचित जास्त भरली, पण सध्या हात लावू नका असे त्यांनी सांगितले.

गेले पाच दिवस दुपारी चारलाच परत येतो आहे, गाडी एकदाही थांबली नाही. काल जामठ्यापाशी सवयीने पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, एवढेच.

बेसाकर :
म्हणजे ईसीएम चांगले निघाले तर. भावाला विचारतो की त्याने जुने ईसीएम ठेवले आहे का.

रामदासपेठी :
जरूर विचारा, आणि ते बदलताना वायरिंगच्या कपलरची पिन साफ केली होती का तेही विचारा. मानेवाडाकर, पहिल्या गॅरेजने काढलेला आपला मूळ कॅम सेन्सर परत दिला होता का? तो बहुधा निर्दोष असणार.

मानेवाडाकर :
मागितला तेव्हा दिला. पुसून, पिशवीत घालून डिकीत ठेवला आहे. क्लचचे काम ज्यांनी केले होते त्यांच्याकडे उद्या जाणार आहे, वितळलेला तुकडा सोबत घेऊन.